बाबा दारात मावत नाहीत

६ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार लिहितोय, घालत नाहीये. कंबर धरली आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस. कानातलं यंत्र झिजेल म्हणून कपाटात ठेवतेस की काय कोण जाणे. तेव्हा पत्र.

बातमी चांगली आहे. आपली गुरुवारची गाडी पूर्ण होत आली. आपल्या घरामागच्या वळणावरून जायची तीच, आणि मी चौथीत होतो त्या वर्षी होती अगदी तशी. पुढे इंजिन, मग माणसांचे पाच डबे, मग बाबांची डायनिंग कार आणि शेवटी पार्सलचा आणि गार्डचा मिळून एक डबा. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान. एप्रिलमध्ये आमच्या मॉडेलवाल्यांच्या क्लबाचं प्रदर्शन आहे, तिथे ती धावणार. क्लबाचा नियम एकच: त्या साली जे नव्हतं ते गाडीवर दिसता कामा नये. मागे एकाने चुकीच्या सालातला दिवा लावला होता. त्याला लोकांनी असं काही सुनावलं की बिचारा आता पोस्टाची तिकिटं जमवतो.

डायनिंग कारवर मी अख्खा पावसाळा घालवला. टेबलं, टेबलांवर दिवे, दिव्यांना झालरी. तुझी वहिनी म्हणते, घरातल्या जेवणाच्या टेबलाचा पाय दोन वर्षं डुगडुगतोय आणि हे मुंग्यांसाठी फर्निचर करतायत. म्हणो बापडी.

आता अडचण ऐक. बाबा दारात मावत नाहीत.

मी त्यांची मूर्ती कोरली. पांढरा कोट, उंच टोपी, आणि दोन्ही हात पसरून दोन टोकांना ताणून धरलेला नॅपकिन. आपण रुळाशेजारच्या उंचवट्यावर उभे असायचो आणि ते असेच दिसायचे ना? मला तर काल पाहिल्यासारखं आठवतंय. पण डायनिंग कारच्या स्वयंपाकघराचं दार इतकं अरुंद होतं की त्यातून माणूस जेमतेम आत जाईल. माझ्या मापात दार सात मिलीमीटर आणि बाबा, हात पसरलेले, अठरा. कोपरं आत जातच नाहीत. दार मी मूळ नकाशावरून केलंय, त्यामुळे दार चुकलेलं नाही. मग काय चुकलंय?

तू तेव्हा मोठी होतीस, आठवीत. नीट आठवून लिही. घाई आहे.

तुझा धाकटा

१४ जानेवारी

चि. फूटपट्टी,

आशीर्वाद. कंबरेला शेक दे आणि मुंग्यांचं फर्निचर जरा कमी कर.

पत्र वाचून हसू आलं. सात वर्षांचा असताना तू आईच्या पोळपाटाचा व्यास मोजून तिला सांगितला होतास की हा गोल नाही. आई म्हणाली, पोळी गोल आहे ना, मग गिळ. तुझं नाव तेव्हापासून फूटपट्टी पडलं ते काही उगाच नाही.

बाबांचं म्हणशील तर एक हात. दुसऱ्या हाताने त्यांनी दाराची दांडी धरलेली असायची. तू लहान होतास आणि लहान मुलांना सगळं मोठंच दिसतं. एका हाताचे बाबा कर, दारात मावतील, विषय संपला.

गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये ठरलंय. शिवणाचा क्लास मी आता तुझ्या मोठ्या भाचीकडे सोपवलाय. ती मुलींना चुका उसवायला लावत नाही, म्हणून मुली खूश आहेत आणि झंपर वाकडे आहेत. तू एप्रिलात प्रदर्शनाला बोलावशील, पण मला काही येणं जमणार नाही. गाडीचा फोटो पाठव.

तुझी ताई

२१ जानेवारी

ती. ताईस,

एक हात? ताई, तू शपथ घेऊन सांगतेस का?

मी सांगतो. नॅपकिन वाऱ्याने फुगायचा. शिडासारखा. एका हातात धरलेला नॅपकिन फडफडतो, फुगत नाही. फुगायला दोन्ही टोकं धरलेली लागतात. मी परवा गच्चीत टॉवेल घेऊन करून पाहिलं. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर विचारून गेले की तब्येत बरी आहे ना.

दुसरं असं समजू की ते दारातून बाहेर झुकले होते आणि हात बाहेर पसरले होते. पण मग धरायला काहीच नाही, आणि वळणावर माणूस बाहेरच्या बाजूला फेकला जातो. बाबा पहिल्याच गुरुवारी आपल्या पायाशी येऊन पडले असते. तेही जमत नाही.

म्हणजे माझी आठवण चूक किंवा माझं दार चूक. आठवण चूक नाही. बाबा गेले तेव्हा मी सहावीत होतो, ताई. तुझ्याकडे त्यांच्या कितीतरी गोष्टी आहेत. तुला त्यांचा आवाज आठवतो, भांडण आठवतं, त्यांनी तुला घड्याळ लावायला शिकवलं ते आठवतं. माझ्याकडे तो नॅपकिनच आहे. घरी यायचे तेव्हा मी झोपलेला असायचो आणि सकाळी उठायच्या आत ते गेलेले. माझे बाबा म्हणजे आठवड्यातून एकदा वळणावरून हात पसरून जाणारा माणूस. तो एका हाताचा करायला माझा जीव होत नाही.

पण आनंदाची गोष्ट अशी की कोड्याचं उत्तर सापडणार आहे. क्लबातल्या एकाने सांगितलं की ती डायनिंग कार अजून आहे! चाकं काढून तिला जुन्या यार्डात जमिनीवर ठेवलीय, रंगारी तिथे डबे-ब्रश ठेवतात. त्या मार्गावर डायनिंग कार एकच होती, त्यामुळे तीच ती. पुढच्या आठवड्यात जातो, स्वतः दार मोजतो आणि तुला कळवतो.

तुझा धाकटा

२६ जानेवारी

चि. फूटपट्टी,

तू यार्डात जाऊ नकोस.

या कंबरेने तू गाडी बदलून बदलून एवढ्या लांब जाणार, आणि तिथे काय, गंजकी खोकी, विंचूकाटा. सत्तरीला टेकलास तरी अक्कल येईना. पडलास म्हणजे वहिनीने काय करायचं? आणि दार मोजून काय मिळणार आहे तुला? नकाशा आहे ना तुझ्याकडे?

हवं तर दोन हातांचे बाबा कर. दार थोडं रुंद कर. कोण बघायला बसलंय? मिलीमीटरभर इकडेतिकडे झालं म्हणून आभाळ कोसळत नाही. मी जन्मभर कपडे शिवले, माणसाच्या अंगाप्रमाणे कापड सोडायचं असतं, कापडाप्रमाणे माणूस कापायचा नसतो.

मोठी बहीण म्हणून सांगतेय. ऐक माझं. उलटटपाली कळव की जात नाहीयेस.

ताई

२ मार्च

ती. ताईस,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. मधे जरा बरं नव्हतं.

यार्डात जाऊन आलो. तुझं पत्र पोचायच्या आधीच निघालो होतो. विशेष काही नाही. डबा बराच खराब झालाय.

तू म्हणालीस तेच बरोबर होतं. एकच हात. मीच चुकलो. लहानपणी काहीबाही दिसतं आणि मग ते डोक्यात पक्कं बसतं. नवीन मूर्ती कोरली, एका हाताची, ती दारात व्यवस्थित मावली. डायनिंग कारमध्ये बसवूनही टाकली.

ऑपरेशन कधी आहे ते कळव. काळजी घे.

धाकटा

७ मार्च

चि. बाळा,

तू मला फसवतोयस.

तू आणि 'मीच चुकलो'? शाळेत गुरुजींनी फळ्यावर वर्तुळ काढलं तेव्हा सगळ्या वर्गासमोर उठून ते गोल नाही म्हणणारा तू! लग्नात भटजींना मुहूर्ताची मिनिटं मोजून दाखवणारा तू! तू चूक कबूल करतोस तेव्हा एक तर तू आजारी आहेस किंवा तुला काहीतरी कळलंय आणि ते तू माझ्यापासून लपवतोयस. वहिनीला फोन केला. ती म्हणाली, आजारी नाहीत, पण यार्डातून आल्यापासून गाडीला हात लावलेला नाही, नुसते खुर्चीत बसतात. एका हाताची मूर्तीबिर्ती काही केलेली नाही, असंही म्हणाली. तेवढं मला यंत्र लावून नीट ऐकू आलं.

तुला कशावरून कळलं ते मला माहीत नाही, पण काय कळलं ते माहीत आहे. तू चौथीत होतास तेव्हा त्या गाडीला डायनिंग कार नव्हतीच. हो ना?

आता माझं ऐक. मी बाबांना शब्द दिला होता आणि साठ वर्षं पाळला. आज मोडतेय. बाबा रागावतील ते मी बघून घेईन.

तू दुसरीत असताना डायनिंग कार बंद झाली. तोट्यात चालली होती म्हणे. कुक लोकांना सांगितलं, घरी बसा नाहीतर मिळेल ते काम करा. बाबांनी पार्सलच्या डब्यात हमाली घेतली. टोपल्या, पेट्या, सायकली चढवायच्या आणि उतरवायच्या. गाडी तीच. आईला सांगितलं. मला सांगितलं नव्हतं, मला कोटावरून कळलं. त्यांचा पांढरा कोट दर आठवड्याला मी धुवायचे. कांद्याचा वास, हळदीचे आणि तेलाचे डाग, बाह्या घासून घासून माझी बोटं सोलायची. एका आठवड्यात कोट आला तो स्वच्छ. वास नाही, डाग नाही, नुसती घडी मोडलेली. पुढच्या आठवड्यातही तसाच. मी बाबांना विचारलं, तुम्ही स्वयंपाक करता की आरशासमोर उभे राहता?

त्यांनी मला मागच्या पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. मग म्हणाले, "फूटपट्टीला कळू देऊ नकोस. तो शाळेत सगळ्यांना सांगत फिरतो की माझे बाबा गाडीत साहेबलोकांना जेवण करून घालतात. आता तो काय सांगेल, माझे बाबा ओझी उचलतात? अजून थोडे दिवस राहू दे त्याला कुकचा मुलगा. मोठा झाला की मीच सांगेन." तू मोठा व्हायच्या आत ते गेले. मग मी कुठल्या तोंडाने सांगणार?

दर गुरुवारी ते कोट आणि टोपी पिशवीत घालून न्यायचे. वळण यायच्या आधी खाकी सदऱ्यावर चढवायचे, डब्याच्या दारात उभे राहायचे, आणि आपण दिसेनासे झालो की उतरवून घडी करायचे.

तुला जे दिसलं ते खरं होतं, राजा. दोन हात होते. नॅपकिन फुगायचाच. पार्सलच्या डब्याचं दार किती मोठं असतं ते तुला मी काय सांगणार, त्यातून तर अख्ख्या सायकली जायच्या. मी तुला एक हात सांगितला, कारण तू दारावरून सरळ तिथेच पोचणार हे मला दिसत होतं. बाबांना तू असा हुशार निघशील असं कुठे वाटलं होतं!

आता लिही. खरं लिही. आणि रडायचं असेल तर वहिनीसमोर रड, एकटा बसू नकोस.

तुझी ताई

१३ मार्च

ताई,

पत्र तुझ्या वहिनीने वाचून दाखवलं. मी सुरुवात केली होती, पण कोटाच्या पुढे मला जाता येईना. मग तीही मागच्या पायरीपाशी अडली. शेवटी दोघांनी चहा केला आणि उरलेलं आळीपाळीने वाचलं.

तू खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. डायनिंग कारचं दार मोजलं, माझ्या मापात सात मिलीमीटर अगदी बरोबर निघालं. मोठ्या खुशीत मी डब्याच्या टोकाकडे गेलो. तिथे वर्कशॉपवाले शेवटच्या दुरुस्तीची तारीख रंगवतात, प्रत्येक डब्यावर असते. आम्हा मॉडेलवाल्यांना ती बघितल्याशिवाय चैन पडत नाही. तारीख मी दुसरीत होतो त्या सालची. त्यानंतरची नाहीच. म्हटलं, पुसली गेली असेल. खाली वाकलो. डबा ज्या सिमेंटच्या ओट्यावर ठेवलाय त्यात गवंड्याने ओल्या सिमेंटमध्ये बोटाने साल लिहिलंय. तेच साल. म्हणजे मी चौथीत असताना डायनिंग कार इथे जमिनीवर बसलेली होती, आणि मी तर तिच्या दारात बाबांना पाहत होतो!

ताई, मी त्या रंगाच्या डब्यांमध्ये खाली बसलो. मला वाटलं, मी सगळं मनाने रचलंय. बाप लवकर गेलेलं पोर असं करतं म्हणतात. रूळ होते, गाडी होती, आणि हात पसरलेला माणूस मी आपला कुठूनतरी आणून उभा केला. तुला हे सांगितलं तर तुझेही बाबा जातील, म्हणून मी तो एका हाताचा बनाव केला. तुलाही तसंच दिसायचं ना, मग तुझं तरी राहू दे, असं वाटलं. तू मला वाचवत होतीस आणि मी तुला. वहिनी म्हणते, तुमच्या घराण्यात कुणाला सरळ बोलता येत नाही.

आणि माझी शरम तुला सांगू? चार वर्षं मी त्या उंचवट्यावर उभा राहिलो. मी, फूटपट्टी! इंजिनाचे नंबर मला पाठ होते. आणि बाबा कुठल्या डब्याच्या दारात उभे आहेत ते मी एकदाही पाहिलं नाही. कोट दिसला की माझं बाकी सगळं बघणंच थांबायचं.

डायनिंग कार काल गाडीवरून काढली. फार सुंदर झाली होती. पण त्या साली ती नव्हती, तेव्हा नाही म्हणजे नाही. आता पार्सलच्या डब्याचं दार मोजलंय, बावीस मिलीमीटर. बाबा अठरा. दोन्ही बाजूंना जागा उरते.

तेव्हा आता सगळं सांग. कोट कुठवर यायचा? दार पूर्ण उघडं असायचं का? आणि दोन्ही हात सोडून ते पडायचे कसे नाहीत? मला घाई आहे, पण तुला वेळ लागला तरी चालेल.

तुझा धाकटा

१८ मार्च

चि. फूटपट्टी,

परवा ऑपरेशन. तुझ्या भाचीला पेन हातात धरायला सांगून मी सांगतेय, म्हणून अक्षर सरळ आणि शुद्धलेखन वाईट.

कोट गुडघ्याच्या वर चार बोटं. पाठीवर पट्टा होता, मीच शिवून घातला होता. खाली खाकी पँट दिसायची, ती पांढरी करू नकोस. दार दोन्ही बाजूंनी उघडं. आतमध्ये टोपल्यांची रांग.

पडायचे कसे नाहीत? अरे, मागे गार्ड उभे असायचे! ते जाडे, मिशीवाले, आईच्या हातचं लोणचं न्यायचे ते. बाबांच्या कोटाचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे. वळण येईपर्यंत गार्डसाहेब घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "चला कुकसाहेब, वेळ झाली." ते बाबांना कधी दुसरं काही म्हणाले नाहीत. हे बाबांनीच मला सांगितलं होतं, आणि सांगताना किती हसले होते! पट्टा एकदा तुटला होता. मी दुहेरी शिवण घातली आणि विचारलं नाही कसा तुटला.

गार्डांनाही कर. ते नसतील तर मग बाबा पडतील.

ताई

१९ एप्रिल

ती. ताईस,

तू आता काठीशिवाय स्वयंपाकघरापर्यंत जातेस असं भाचीने कळवलं. शाबास. आता पार यार्डापर्यंत जाऊ.

प्रदर्शन काल झालं. फोटो सोबत आहेत, भिंग घेऊन बघ. पार्सलच्या डब्यात आत बघ, मिशा दिसतील. टोपल्या मी वेताच्या सालीच्या विणल्या आहेत. कोटाच्या पट्ट्याला दुहेरी शिवण दाखवता आली नाही, तेवढं माफ कर, सुईच तेवढी बारीक मिळत नाही.

गाडी टेबलावर गोल फिरत होती आणि वळण मी आपल्या घरामागचंच केलं होतं, उंचवट्यासकट. बघायला पुष्कळ लोक आले. मग क्लबाचे अध्यक्ष आले, तेच परीक्षक. दातांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे प्रत्येक गोष्टीकडे वाकून, डोळे बारीक करून बघतात. इंजिन बघितलं, मान डोलावली. डबे बघितले, मान डोलावली. डायनिंग कार नाही हे बघून तर खूशच झाले, म्हणाले, बरेच लोक इथे चुकतात. शेवटच्या डब्यापाशी मात्र थांबले.

"हे काय?" म्हणाले. "कुक पार्सलच्या डब्यात? आणि गार्ड त्याला धरून उभा? अहो, एवढी चोख गाडी आणि शेवटी ही घोडचूक! या सालात गाडीवर कुक नव्हताच."

आजूबाजूला माणसं गोळा झाली होती. मला कानशिलं गरम झालेली कळली. साठ वर्षांपूर्वी शाळेच्या आवारात व्हायची तशीच.

मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. कुक नव्हता. ते आमचे बाबा आहेत. ते पार्सलच्या डब्यात हमाल होते."

त्यांनी गुण कापायचे ते कापलेच, बक्षीस दुसऱ्याच्या मालगाडीला गेलं. पण ताई, हेच वाक्य मला कुणासमोर म्हणावं लागू नये म्हणून तो माणूस दर गुरुवारी कोट चढवून उभा राहिला. मी ते भरल्या हॉलमध्ये म्हटलं. आणि मागच्या रांगेतल्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हटलं.

तुझा,
हमालाचा धाकटा